पद्मिनी खोलण्याआधी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फियाट ११०० डिलाइट, प्रीमियर प्रेसिडेंट, प्रीमियर पद्मिनी. पाट्या बदलत गेल्या, पण १९६४पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली ही गाडी मुळात एकच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली आणि त्यानंतर ताडपत्रीखाली झाकलेल्या घरच्या पद्मिनी पुन्हा उभ्या करण्याबद्दल मला जास्त विचारणा होऊ लागली. बहुतेकांचा पहिला प्रश्न रंगाचा असतो. माझं उत्तर पिशव्या आणि चिठ्ठ्यांपासून सुरू होतं.

कारण गाडी खोलायला फार अक्कल लागत नाही. दोन माणसं, पान्यांचा सेट आणि एखादा शनिवार-रविवार मिळाला की अर्धी गाडी जमिनीवर येते. जोडायची वेळ येते ती वर्ष-दोन वर्षांनी. तोवर मिस्त्री बदललेला असतो, पोऱ्या गावी गेलेला असतो आणि तुम्हालाही काही आठवत नसतं. म्हणून खोलताना सगळं अशा माणसासाठी लिहून ठेवायचं, ज्यानं ही गाडी कधी अख्खी पाहिलेलीच नाही.

सगळी गाडी खोलायलाच हवी का?

नाही. पत्रा धड असेल, इंजिन फिरत असेल, तर ब्रेक, कूलिंग, वायरिंग आणि रबर एवढ्यावर गाडी उभी राहते. एक लोहचुंबक आणि एक बोथट स्क्रूड्रायव्हर घेऊन खालचे पत्रे, दरवाज्याखालचे सिल, डिकीतली स्टेपनीची जागा तपासा. चुंबक चिकटला नाही तर तिथं पत्रा नसून पुट्टी आहे. तिथं मात्र खोलण्याला पर्याय नाही. बाकी, उत्साहाच्या भरात नटन् नट सुटा केलेल्या गाड्या पुढं खोक्यांतून विकायला निघतात, हे लक्षात असू द्या.

पाना लावण्याआधी काय करून ठेवावं?

गाडी चालू स्थितीत असेल तर आधी चालवून बघा आणि जे दिसेल, ऐकू येईल ते लिहा. तिसरा गिअर उडतो का, ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते का, कुठला इंडिकेटर मेला आहे, कुठल्या काट्यात जीव आहे. खोलल्यावर यातलं काही कळत नाही.

मग कागद. आरसी बुकातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कुठं ठोकलेले आहेत ते शोधा, पुसून फोटो काढा, पेन्सिल घासून प्रिंट घ्या आणि फायलीत लावा. पेंटरच्या ग्राइंडरखाली नंबर पुसट झाला तर पुढं आरटीओत उत्तरं देता देता नाकीनऊ येतात. कंपनीची पाटी रिवेट काढून सुटी केली असेल तर तीही त्याच फायलीत जाईल, सुट्या भागांच्या खोक्यात नाही.

व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल तर हे फोटो दुप्पट कामाचे. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी नंबरप्लेटच्या ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही, आणि रोज ऑफिसला जायला ही नोंदणी चालत नाही. मूळ रूप म्हणजे काय होतं, हे दाखवायला खोलण्याआधीचे फोटोच हाताशी असतात.

शेवटी दरवाजे, बॉनेट आणि डिकी यांच्या फटी मोजा. वर, मध्ये, खाली, दोन्ही कडांना, मिलिमीटरमध्ये. या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. सिल कापायचे असतील तर दरवाज्याच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून आधार दिल्याशिवाय कटर लावू देऊ नका. बॉडीचं शेल एकदा खचलं की दरवाजा पुन्हा लागत नाही. बिजागर काढण्याआधी बिजागर आणि खांब यांच्यातून आरपार तीन मिलिमीटरची दोन भोकं पाडून ठेवलीत, तर बसवताना त्यांत खिळा घातला की दरवाजा पहिल्या जागी येतो. रंगाआधी भोकं भरून घ्यायची.

फोटो किती काढायचे?

वाटतात त्याच्या तिप्पट. पण संख्येपेक्षा क्रम महत्त्वाचा. प्रत्येक भागाचे तीन : लांबून, म्हणजे तो गाडीत कुठं आहे ते कळेल असा, मधून, शेजारचे भाग दिसतील असा, आणि जवळून, वॉशर कुठल्या बाजूला आहे ते दिसेल असा. जवळचा फोटो एकटा असेल तर तो कशाचा आहे हे सहा महिन्यांनी ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. पिशवीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी फोटोतच ठेवा.

स्टिअरिंग कॉलमवरचा गिअर असेल तर त्याच्या दांड्या, सांधे आणि बुश यांचा व्हिडिओ घ्या, कुणालातरी गिअर टाकायला सांगून. चारही गिअर आणि रिव्हर्स. कुठली दांडी कधी हलते हे स्थिर फोटोत दिसत नाही, आणि नव्या पोरांना कॉलम गिअर ठाऊकच नसतो.

फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवून साठवू नका. ते लहान होतात, नावं बदलतात. संध्याकाळी लॅपटॉपवर किंवा ड्राइव्हवर तारखेच्या फोल्डरमध्ये टाका. फोन हरवतो, पडतो, पाण्यात जातो.

नट-बोल्ट कशात ठेवायचे?

सर्वात चांगली जागा म्हणजे जिथून काढला तीच. डायनमो काढला, की त्याचे बोल्ट ब्रॅकेटमध्येच दोन आटे हातानं फिरवून ठेवा. निम्म्या बोल्टना यामुळे पिशवीच लागत नाही.

उरलेल्यांसाठी झिपलॉकच्या जाड पिशव्या. एका पिशवीत एकाच कामाचे बोल्ट. ‘इंजिनचे सगळे’ अशी पिशवी म्हणजे कचऱ्याची पिशवी. तेलकट बोल्ट आधी पुसा, नाहीतर आठवड्यात पिशवीच्या आत तेल पसरतं आणि चिठ्ठीचा लगदा होतो.

जिथं बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, उदाहरणार्थ वॉटर पंप किंवा टायमिंग कव्हर, तिथं पिशवी पुरत नाही. बुटाच्या खोक्याचं झाकण घ्या, त्यावर कव्हरचा आकार काढा, जिथं जिथं बोल्ट होता तिथं भोक पाडून तोच बोल्ट खोचा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तो आत टेकतो, कव्हर घट्ट बसत नाही, आणि जोर केला की ॲल्युमिनियमचे आटे जातात. हे पाच मिनिटांचं काम आहे.

शिम मात्र वेगळ्या जपायच्या. बिजागरामागं, स्टिअरिंग बॉक्समध्ये, डिफरन्शियलमध्ये बसवलेल्या त्या पातळ पत्र्याच्या चकत्या कचऱ्यासारख्या दिसतात आणि झाडूबरोबर जातात. त्यांची जाडी व्हर्नियरनं मोजून चिठ्ठीवर लिहा, तारेत ओवून क्रमानं ठेवा.

चिठ्ठीवर काय लिहू?

उदाहरणादाखल एक :

पिशवी ४७. पुढचा दरवाजा, क्लीनर साइड. वरचं बिजागर, खांबाकडचे बोल्ट. शिम १, खालच्या बोल्टमागे, ०.८ मिमी. एका बोल्टचे आटे गेलेत, नवा घेणे. फोटो १२ मार्च.

‘डावा-उजवा’ लिहू नका. मिस्त्री बॉनेटसमोर उभा राहून डावा म्हणतो, तुम्ही सीटवर बसून, आणि दोघंही बरोबर असतात. ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइड हे गॅरेजचे शब्द ट्रकवरून आलेत, पण त्यात गोंधळ होत नाही.

मार्कर पेट्रोलनं पुसला जातो, पेन्सिल जात नाही. म्हणून पिशवीच्या आत पेन्सिलनं लिहिलेली जाड कागदाची चिठ्ठी, बाहेर मार्करनं फक्त नंबर. मोठ्या भागांना ॲल्युमिनियमच्या पट्टीवर नंबर ठोकून तारेनं बांधा. मास्किंग टेप उन्हाळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये महिनाभरही टिकत नाही.

आमचे मिस्त्री हे सगळं ऐकून हसतात. काय करावं?

हसू द्या. तीस वर्षं ज्यांनी पद्मिनीच खोलल्या, त्यांच्या हाताला सगळं पाठ असतं. रंगाच्या एका जुन्या डब्यात रॉकेल किंवा डिझेल ओतायचं, निघेल तो बोल्ट त्यात टाकायचा, आणि जोडताना न बघता हात घालून नेमका तोच काढायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याला माझा सलाम आहे. पण ही पद्धत सकाळी खोलून संध्याकाळी जोडायच्या कामाची आहे. दीड वर्षाच्या कामात डबा कलंडतो, शेजारच्या गाडीचे चार बोल्ट त्यात पडतात, आणि मिस्त्रींच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघतं.

त्यांना पद्धत बदलायला सांगू नका, अपमान वाटतो. ‘मिस्त्री, तुम्ही खोला, मी फक्त गोळा करतो’ असं म्हणून शेजारी स्टूल टाकून बसा. बोल्ट त्यांच्या हातातून थेट तुमच्या हातात. दोन दिवसांत तेच विचारतात, ‘हा लिहिला का, साहेब?’ आणि बसल्या बसल्या कुठला बोल्ट आधी सैल करायचा, कुठं टोला द्यायचा, कुठं तेल सोडून रात्रभर थांबायचं, हे फुकट शिकायला मिळतं. जमेल तर त्यांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग करा. लिहायला सांगितलं तर ते लिहिणार नाहीत.

ब्रेक आणि सस्पेन्शन खोलताना?

एका वेळी एकच चाक. चारही चाकांना ड्रम आहेत. एक बाजू खोललीत की दुसरी तशीच ठेवा, तीच तुमची आकृती. स्प्रिंग कुठल्या भोकात अडकवली होती, ते बघायला समोर उत्तर तयार असतं.

जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रममध्ये कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. पुढच्या कॉइल स्प्रिंगा दाबलेल्या असतात. स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल तर ते काम जाणत्या माणसाकडेच द्या.

इंजिनात कशाचा क्रम सांभाळायचा?

१०८९ सीसीचं हे चार सिलिंडरचं पुशरॉड इंजिन समजायला सोपं आहे, पण त्यातले काही भाग एकमेकांशी घासून जुळलेले असतात. आठ व्हॉल्व्ह आणि कॅमची हालचाल त्यांच्यापर्यंत नेणारे आठ टॅपेट, आठ पुशरॉड : प्रत्येक जिथला तिथंच परत जायला हवा. पुठ्ठ्याला आठ भोकं, एका टोकाला ‘रेडिएटर’ असा बाण, बस्स. टॅपेट कॅमच्या ज्या उंचवट्यावर झिजला तो सोडून दुसऱ्यावर बसवला तर दोन्ही लवकर खराब होतात.

कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप जोडीनंच मशिन केलेली असते. कॅपची अदलाबदल नाही आणि उलटी बसवणंही नाही. मेन बेअरिंगच्या कॅपचंही तसंच. आधीच ठोकलेले नंबर दिसतात का बघा. नसतील तर पंचनं बाजूच्या कच्च्या भागावर ठिपके मारा, एकाला एक, दोनाला दोन. बेअरिंगच्या तोंडावर कधीही नाही.

डिस्ट्रिब्युटर उचलण्याआधी पहिला पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणा आणि रोटर कुठं बघतोय त्याचा फोटो घ्या. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. प्लगच्या वायरींवर तेव्हाच नंबर टाका. कार्ब्युरेटर इंजिनावर वाकून कधीच खोलू नका. टेबलावर, पांढऱ्या टॉवेलवर, खिडकी बंद करून खोला. जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, हातातून उडालं तर टॉवेलवर तरी दिसतं.

वायरिंग सगळं कुजलंय. कापून टाकलं तर चालेल?

टाका, पण काढून झाल्यावर. आधी प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा : कुठून आली, कुठं जाते, मूळ रंग कोणता. रंग उडालेला असेल तर वायरींवर गुंडाळलेली टेप थोडी सोडवा, झाकलेल्या भागात खरा रंग सापडतो. नंतरच्या मालकांनी हॉर्नसाठी, टेपसाठी, फॉगलाइटसाठी ओढलेल्या वायरी वेगळ्या चिठ्ठीवर ‘मूळची नाही’ म्हणून लिहा. मग अख्खा लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, फांद्यांसकट, प्लायवूडवर पसरून खिळ्यांनी बसवा. नवा लूम बांधणाऱ्याला तोच साचा द्यायचा. आणि हो, या सगळ्याच्या आधी बॅटरी काढलेली असू द्या.

काच आणि क्रोम?

पुढची काच वाचवायची असेल तर बीडिंगचा, म्हणजे काचेभोवतीच्या रबराचा, लोभ सोडा. ते रबर ब्लेडनं कापा आणि काच आतून हळूच ढकला. बीडिंग नवं मिळतं, बऱ्या अवस्थेतली जुनी काच शोधावी लागते. क्रोमच्या पट्ट्यांच्या क्लिपा मोजून पिशवीत. तुटलेल्या क्लिपासुद्धा, कारण दुकानदाराला नमुना लागतो.

प्लेटिंग, मशिनिंगला दिलेलं सामान हरवतं. उपाय?

सर्वात जास्त सामान हरवतं ते गॅरेजच्या बाहेर. प्लेटिंगवाल्याच्या टाकीत तुमचे आणि दहा गिऱ्हाइकांचे बोल्ट एकत्र बुडतात. त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याचा धंदा किलोवर चालतो.

देण्याआधी सगळं सामान पांढऱ्या चादरीवर मांडा, शेजारी फूटपट्टी ठेवा, वरून फोटो काढा. लहान सामान किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून वजन लिहा. दोन प्रतींत चलन करा, नगांसह, आणि त्याची सही घ्या. परत आणताना त्याच्या दारातच मोजा. घरी येऊन मोजलंत तर ते भांडण तुम्ही हरलात. लहान बोल्ट तारेत ओवून गुच्छ करून दिले तर टाकीत तळाला जात नाहीत. मात्र तार जिथं टेकते तिथं प्लेटिंग बसत नाही, म्हणून मधूनमधून हलवायला सांगा.

कनेक्टिंग रॉड, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे जास्त ताकदीचे बोल्ट झिंक प्लेटिंगला देऊच नका. ॲसिड आणि प्लेटिंगच्या प्रक्रियेत हायड्रोजन शिरून असं पोलाद ठिसूळ होतं. ते साफ करून तेल लावा किंवा नवे घ्या.

इंजिनचा ब्लॉक-हेड मशिनिंगसाठी कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवणार असाल तर जोडीचे भाग वेगळे पॅक करून त्यावर क्रम लिहा, आणि मोजमापाची चिठ्ठी मागून घ्या. बोअर किती मोठा केला, क्रँक किती घासला, हे आकडे पिस्टन आणि बेअरिंग घेताना लागतात.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे जमेल का?

अवघड आहे. खोललेली गाडी अख्ख्या गाडीच्या तिप्पट जागा खाते. दरवाजे उभे ठेवायचे, आडवे ठेवून त्यावर दुसरं काही रचायचं नाही. सीट माळ्यावर. काचा गादीत गुंडाळून पलंगाखाली. घरच्यांशी याबद्दल आधी बोलून घ्या. पार्किंगमध्ये एका चाकाखाली जॅक लावून ठेवलेली गाडी दिसली की कमिटीची नोटीस येतेच, आणि पेट्रोलची टाकी तिथं ठेवणं खरोखर धोक्याचं आहे. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. शहराबाहेर शेड भाड्यानं घेतलीत तर स्टीलचे रॅक आधी आणा, गाडी नंतर.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

कोकणात किंवा मुंबईत जूनमध्ये रंग खरवडायला घेऊ नका. उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. मे महिन्यात जेवढा पत्रा उघडा कराल तेवढा त्याच दिवशी प्रायमरखाली जायला हवा. मशिन केलेले भाग तेल लावून पिशवीत ठेवा, फडक्यात नाही. सिलिंडरच्या भिंती, क्रँक, ब्रेक ड्रमची आतली बाजू यांवर महिन्यातून एकदा नजर टाका. ड्रमला तेल लावलं असेल तर चिठ्ठीवर ठळक लिहा, बसवताना पुसायला हवं.

वही बरी की एक्सेल?

दोन्ही. गॅरेजमध्ये वही, कारण काळ्या हातांनी फोनला हात लावता येत नाही. रात्री एक्सेलमध्ये उतरवा : पिशवीचा नंबर, भाग, अवस्था, काय करायचं, आत्ता कुठं आहे. शेवटचा रकाना सर्वात महत्त्वाचा. ‘क्रोमवाल्याकडे’, ‘माळा’, ‘शेड, रॅक ३’. वही भरली की तिचेही फोटो काढा.

खराब झालेले जुने भाग कधी टाकायचे?

नवा भाग गाडीत बसून गाडी चालेपर्यंत अजिबात नाही. बाजारात ‘पद्मिनीचाच’ म्हणून मिळालेला भाग दुसऱ्या वर्षाच्या मॉडेलचा निघतो आणि भोकं जुळत नाहीत. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारात हिंडताना गंजका तुकडा पिशवीत असेल तर काम दोन मिनिटांचं, नाहीतर हातवारे करून सांगत बसा. सडलेला सिलसुद्धा ठेवा. पत्रेवाला त्यावरूनच वाकवतो.

दुसऱ्यानं खोललेली गाडी खोक्यांत मिळाली आहे. सुरुवात कुठून?

खोकी तशीच ठेवा, रिकामी करून ढीग करू नका. एखाद्या खोक्यात कुठल्या वस्तू एकत्र पडल्या होत्या, हाच एकमेव पुरावा तुमच्याकडे आहे. प्रत्येक खोक्याचा वरून फोटो, मग एक-एक वस्तू बाहेर. कंपनीचं स्पेअर पार्ट्स कॅटलॉग मिळवा. त्यातल्या आकृत्यांवर जे आहे त्याला टिक करत जा. मग एखादी चालती पद्मिनी शोधा. जुन्या गाडीचे मालक बोलके असतात. बॉनेट उघडायची परवानगी मागितलीत तर चहा पाजून डिकीही दाखवतात.

बोल्ट ओळखताना आट्यांचा गेज वापरा. गाडी मेट्रिक आहे, पण वर्षानुवर्षं रस्त्याकडेच्या दुरुस्त्यांत इंच आट्यांचे बोल्ट ठोकून बसवलेले असतात. तसा बोल्ट सापडला तर त्या भोकाचे आटेही तपासा.

जोडून झाली आणि काही बोल्ट उरले, तर?

पिशवी रिकामी झाली की चिठ्ठी फेकू नका, तारेत ओवत चला. शेवटी चिठ्ठ्या आणि एक्सेलचे नंबर ताडून पाहा. जे उरतं ते बहुतेक बदललेल्या भागांचं असतं. स्टिअरिंग, ब्रेक किंवा सस्पेन्शनच्या पिशवीतला साधा वॉशर जरी उरला असेल, तरी तो कुठला ते कळेपर्यंत गाडी स्टँडवरून उतरवायची नाही. दरवाज्याच्या आतल्या पॅनेलचे दोन स्क्रू उरले असतील, तर पुढच्या रविवारी बघता येईल.